बंप स्टॉक, सायलेन्सर, मॅगझिन : बंदुकीच्या जोडसामानाचा कायदा कुणी करायचा?

नदीकाठ (ऑस्टिन, टेक्सास)

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत सायलेन्सर घेताना भरावा लागणारा २०० डॉलरचा केंद्रीय कर शून्यावर आला. कर १९३४ सालचा, आणि नव्वद वर्षांत एका डॉलरनेही न वाढलेला. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या अर्थविषयक कायद्यात तो काढला. नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी हे सगळं अजून तसंच आहे, गेला तो फक्त कर. खासगी निरोपातून दोघातिघांनी विचारलं, आता सायलेन्सर कुणीही घेऊ शकणार का? तसं नाही. पण विषय निघालाच आहे तर त्याच्या मुळाशी जाऊ. बंदुकीला जोडायच्या वस्तूंवर कायदा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि तो करायचा अधिकार कुणाचा?

हा प्रश्न ज्या खटल्याने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेला तो आमच्या ऑस्टिनमधल्या एका बंदूकविक्रेत्याचा, मायकल कारगिल यांचा. मी पेशाने मेकॅनिकल इंजिनियर. त्यामुळे त्यातला यंत्राचा भागही माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी घटना. १ ऑक्टोबर २०१७, रविवारची रात्र. लास वेगासमध्ये उघड्या मैदानावर संगीत महोत्सव चालू होता, वीस हजारांहून जास्त माणसं होती. समोरच्या मँडले बे हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून एका माणसाने दहा-अकरा मिनिटांत हजाराहून जास्त गोळ्या झाडल्या. ५८ जण तेव्हाच गेले, पुढच्या काही वर्षांत त्याच जखमांनी आणखी दोघी गेल्या. गोळी लागून जखमी झालेले चारशेच्या वर. त्या माणसाकडे मशीनगन नव्हती. दुकानातून कायदेशीर घेतलेल्या अर्धस्वयंचलित रायफली होत्या, आणि त्यातल्या डझनभर रायफलींना बंप स्टॉक लावलेला होता.

अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पुढचं काडतूस आपोआप चढतं, पण पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. बंप स्टॉक हा खांद्याला टेकवायचा दस्ता आणि मूठ यांचा सरकता संच. बोट एका कडेवर स्थिर राहतं आणि रायफलच मागेपुढे होते : गोळीच्या धक्क्याने मागे, दुसऱ्या हाताच्या रेट्याने पुढे. मागे गेली की चाप बोटापासून सुटतो, पुढे आली की पुन्हा बोटावर आदळतो. हे मिनिटाला ४०० ते ८०० वेळा घडू शकतं. लष्कराची एम-१६ सातशे ते साडेनऊशेच्या घरात जाते, यावरून अंदाज घ्या.

आता कायदा. त्याच १९३४ च्या कायद्यात मशीनगनची व्याख्या अशी : जे शस्त्र चापाच्या एकाच क्रियेने, हाताने पुन्हा न भरता, आपोआप एकाहून जास्त गोळ्या झाडतं ते. शस्त्राला मशीनगन बनवणारा सुटा भागसुद्धा त्याच व्याख्येत येतो. १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. म्हणजे सगळा प्रश्न एका वाक्यावर येऊन थांबतो. बंप स्टॉकमध्ये चापाची क्रिया एकदा होते की प्रत्येक गोळीला एकदा?

या वाक्याचा अर्थ लावायचं काम एटीएफ या केंद्रीय खात्याकडे आहे. त्यांनी काय केलं बघा. एकिन्स अॅक्सिलरेटर नावाचं अशाच प्रकारचं साधन आधी चालेल म्हणून सांगितलं. २००६ मध्ये, आत स्प्रिंग आहे म्हणून ते मशीनगन ठरवलं आणि घेतलेल्यांना स्प्रिंगा काढून जमा करायला लावल्या. २०१० मध्ये टेक्सासच्याच एका कंपनीच्या बिनस्प्रिंगच्या बंप स्टॉकला पत्र दिलं की हा नुसता सुटा भाग आहे, आमच्या कक्षेत येत नाही. वेगास झाल्यावर, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, डिसेंबर २०१८ मध्ये उलट नियम काढला : सगळे बंप स्टॉक मशीनगन, २६ मार्च २०१९ पर्यंत मोडा नाहीतर जमा करा. खात्याच्याच अंदाजाने तोवर पाच लाख वीस हजारांपर्यंत विकले गेले होते. कारगिल यांनी आपल्याकडचे दोन जमा केले आणि खटला भरला.

१४ जून २०२४ ला ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला. न्या. थॉमस यांनी चापाच्या आतल्या भागांच्या आकृत्या निकालपत्रात घालून सांगितलं की प्रत्येक गोळीला चाप सुटतो आणि पुन्हा बसतो, म्हणजे क्रिया प्रत्येक वेळी नवी. नियम रद्द. न्या. सोटोमायोर यांनी विरोधी मत लिहिलं : बघायचं ते चालवणाऱ्याच्या बाजूने, त्याने एकदा बोट ठेवलं आणि गोळ्यांचा मारा सुरू झाला, मग ही मशीनगन नाही तर काय? न्या. अलिटो यांनी बहुमताच्या बाजूने वेगळं छोटं टिपण जोडलं : काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलावा, मार्ग मोकळा आहे.

माझं मत असं. तो निकाल ऐकून मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण चापाबद्दल बहुमताने जे लिहिलं ते यंत्र म्हणून बरोबर आहे. दोष १९३४ चं वाक्य तसंच ठेवून देणाऱ्या संसदेचा आहे. ६० माणसं गेल्यावर दोन्ही पक्षांत बंप स्टॉकवर बंदी घालायला अनुकूल लोक होते. कायदा एका पानाचा झाला असता. त्याऐवजी काम खात्यावर ढकललं गेलं, आणि खात्याला जो अधिकार कधी दिलाच नव्हता तो न्यायालयात टिकला नाही. निकालानंतर चारच दिवसांत सिनेटमध्ये बंदीचं विधेयक एकमताने पुढे न्यायचा प्रयत्न झाला, एका सदस्याने हरकत घेतली आणि ते तिथेच थांबलं.

जोडसामानावरचा कायदा त्या वस्तूच्या परिणामावर बेतलेला हवा आणि लोकांनी निवडून दिलेल्यांनी तो उघडपणे केलेला हवा, असं मला ठामपणे वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. भारतातल्या आणि इतर देशांतल्या लोकांनीही लिहा.

---

रानवाट (टेक्सास)

चांगला धागा. मी शिकार करतो, परवाने-नोंदण्या सगळं रीतसर आहे, म्हणून सायलेन्सरबद्दल लिहितो.

सिनेमात दाखवतात तसा फुस्स आवाज होत नाही. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, सायलेन्सर त्यातले वीस-तीस डेसिबल कमी करतो. जे उरतं तेही जवळून ऐकलं तर दडा बसेल इतकं असतं. इकडे रानडुकरांनी शेतांचा जो नाश चालवला आहे त्यासाठी रात्ररात्र बसावं लागतं. कानाचे डॉक्टर सांगतात की एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. नॉर्वे-फिनलंडसारख्या, बंदुकीचा परवाना सहजी न देणाऱ्या देशांत शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात.

आणि १९३४ मध्ये २०० डॉलर म्हणजे आजचे साडेचार हजारांच्या वर. वस्तू काही डॉलरची आणि कर दोनशेचा. सामान्य माणसाने ती घेऊ नये हाच त्या कराचा हेतू होता. श्रीमंताला मोकळीक आणि शेतमजुराला बंदी, हा कसला नियम? तो गेला याचा मला आनंद आहे. नोंदणी राहिली याला माझी हरकत नाही.

बंप स्टॉकबद्दल मात्र नदीकाठ यांच्याशी सहमत. शिकारीत त्याचा शून्य उपयोग. नेम धरताच येत नाही. मी नेमबाजीच्या ज्या रेंजवर जातो तिथे तो आणूच देत नाहीत.

---

सईची_आई (व्हर्जिनिया)

रानवाट दादा, तुमच्या कानांची काळजी मला समजते, पण माझ्या राज्यातली गोष्ट सांगते. ३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीचच्या सरकारी इमारतीत १२ जण मारले गेले. त्या माणसाच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता, रीतसर नोंदवलेला. इमारतीतल्या काहींना तो आवाज गोळीबाराचा वाटलाच नाही, असं नंतरच्या बातम्यांत आलं होतं. गोळीबारात पहिले काही सेकंद पळायचे असतात. आवाज ओळखू आला नाही तर ते सेकंद जातात.

माझी मुलगी पाचवीत आहे. वर्षातून काही वेळा त्यांना दिवे मालवून, दाराला कुलूप लावून, कोपऱ्यात गप्प बसायचा सराव देतात. ती घरी येऊन सांगते की आज आमची बाई आमच्या पुढे बसली होती. हे ऐकलं की चापाची क्रिया एकदा की अनेकदा या वादाला माझ्याकडे जागा उरत नाही. नदीकाठ, तुम्ही बहुमताला यंत्र म्हणून बरोबर म्हणता. पण कायदा यंत्रासाठी नाही, माणसांसाठी लिहिलेला आहे. १९३४ मध्ये लोकांना एका ओढीत पडणारा गोळ्यांचा पाऊस थांबवायचा होता. तो हेतू न्यायालयाला दिसत होता. सोटोमायोर बाईंनी नेमकं तेच लिहिलं आहे, आणि मला त्यांचंच पटतं.

---

नदीकाठ

सईची_आई, तुमच्या म्हणण्यातली तळमळ मला पोहोचते. माझीही मुलं इथल्याच शाळेत जातात. तरी एका मुद्द्यावर मी अडतो. नियम उलटला तेव्हा पाच लाखांपर्यंत वस्तू लोकांच्या घरी होत्या, आणि त्या त्यांनी त्याच खात्याचं पत्र बघून घेतल्या होत्या. बेकायदा मशीनगन बाळगायची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. संसदेने एक अक्षर बदललं नाही आणि तरी काल जे कायदेशीर होतं ते आज दहा वर्षांचा गुन्हा झालं. आज हे माझ्या आवडीच्या दिशेने झालं, उद्या दुसरं सरकार तीच पद्धत वापरून एखादी बंदी उठवेल. तेव्हा आपण काय म्हणणार?

राज्यांनी काय केलं हेही सांगायला हवं. मॅसॅच्युसेट्सने वेगासनंतर सुमारे महिन्याभरात बंदी घातली, फ्लोरिडाने पार्कलँडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर २०१८ मध्ये, आणि वेगास ज्या राज्यात आहे त्या खुद्द नेवाडाने २०१९ मध्ये. हे विधानसभांनी केलेले कायदे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना धक्का लागला नाही, कारण निकाल केंद्रीय व्याख्येपुरता होता. टेक्सासने काहीच केलं नाही. म्हणून माझ्या शहरात ही वस्तू आज पुन्हा विकता येते.

---

अनुस्वार

वाचतोय. इतक्या सविस्तर माहितीबद्दल आभार. वाचनखूण साठवली.

---

किवी_मराठी (न्यूझीलंड)

जोडसामानाचा कायदा ढिला राहिला की काय होतं याचं सगळ्यात दुःखद उदाहरण आमच्या देशाचं आहे.

१५ मार्च २०१९ पूर्वी इथे साधा 'ए' वर्गाचा परवाना असलेला माणूस एआर-१५ सारखी अर्धस्वयंचलित रायफल घेऊ शकत होता, अट एवढीच की मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरून ठेवायचा डबा, सात गोळ्यांपर्यंतचं. त्याहून मोठं लावलं की तीच रायफल लष्करी धर्तीची ठरायची आणि त्याला वेगळी, कडक 'ई' नोंद लागायची. गोम अशी की मोठं मॅगझिन नुसतं विकत घ्यायला परवानाच लागत नव्हता. रायफल एका काउंटरवर कायदेशीर, मॅगझिन दुसऱ्या काउंटरवर कायदेशीर. घरी जाऊन दोन्ही एकत्र केली की गुन्हा, पण तो बघायला घरात कोण असणार? ख्राइस्टचर्चच्या खुन्याने हेच केलं. अल नूर आणि लिनवुड या दोन मशिदींत ५१ माणसं गेली. त्यात पाच भारतीय नागरिक होते. नंतरच्या चौकशी आयोगाने ही फट स्पष्ट लिहून ठेवली आहे. धक्कादायक म्हणजे ती कुणाला माहीत नव्हती असं नाही, वर्षानुवर्षं माहीत होती.

त्यानंतर संसदेने महिना उलटायच्या आत, १० एप्रिलला, ११९ विरुद्ध १ मतांनी कायदा केला. त्याच्या नावातच बंदुका, मॅगझिनं आणि सुटे भाग असे तिन्ही शब्द आहेत. डिसेंबरपर्यंत सरकारने पैसे देऊन परत घेतलं. बंदुका ५६ हजारांच्या आसपास जमा झाल्या, आणि सुटे भाग १ लाख ८८ हजारांच्या आसपास. लोकांच्या कपाटांत बंदुकांच्या तिपटीहून जास्त सुटं सामान पडून होतं, आणि तोवर त्याची कुठेही मोजदाद नव्हती.

सायलेन्सरचं सांगायचं तर इथे शिकारी तो वर्षानुवर्षं बिनदिक्कत वापरत आले आहेत, शेजारच्या फार्मला त्रास नको म्हणून. त्याबद्दल कधी ओरड झालेली मी ऐकली नाही. त्यामुळे कोणत्या वस्तूने मृतांचा आकडा वाढतो आणि कोणत्या वस्तूने नुसती भीती वाढते, हे आधी बघावं असं मला वाटतं.

---

पक्षकार (मुंबई, वकिली)

किवी_मराठी यांनी सांगितलेली फट आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बऱ्याच प्रमाणात बुजवलेली आहे. बहुतेकांना हे माहीत नसतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कलम २(१)(ई) मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या आहे. त्यात बंदुकीबरोबरच बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेलं जोडसामान, अग्निशस्त्रांचे भाग आणि ती बनवायची यंत्रसामग्री हे सगळं घातलं आहे. म्हणजे भारतात नुसता सायलेन्सर, बंदूक नसतानाही, कायद्याच्या दृष्टीने अग्निशस्त्र आहे. तो विनापरवाना बाळगला तर शस्त्र बाळगल्याचाच गुन्हा. रानवाट यांचे सगळे युक्तिवाद इथे सुरूच होत नाहीत, कारण आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे.

निषिद्ध शस्त्रांची व्याख्या २(१)(आय) मध्ये आहे. चापावर दाब दिला की दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात ते शस्त्र निषिद्ध. अमेरिकेच्या व्याख्येशी ताडून बघा. बंप स्टॉकमध्ये प्रत्येक गोळीनंतर चापावरचा दाब क्षणभर निघतो, मग आपल्याही व्याख्येतून तो निसटू शकतो की नाही? नुसत्या शब्दांवर गेलात तर आरोपीच्या वकिलाला बोलायला जागा आहे. पण त्याच पोटकलमात पुढे लिहिलं आहे की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून इतर शस्त्रंही निषिद्ध ठरवू शकतं. म्हणजे नवीन वस्तू बाजारात आली आणि व्याख्येत बसली नाही, तर सरकारने ती अधिसूचनेने आत घ्यावी असा अधिकार संसदेने स्वतःहून दिला आहे. एटीएफला नेमका हा अधिकार नव्हता. माझ्या मते कारगिल खटल्याचं सगळं मर्म इथे आहे.

शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका प्रकारचं अग्निशस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणं हेही कलम ६ खाली परवान्याशिवाय करता येत नाही. त्याच दुरुस्तीने निषिद्ध शस्त्रं बाळगायची शिक्षा किमान सात वर्षं आणि कमाल चौदा वर्षं झाली, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं.

दुसरी बाजूही सांगतो. इतकी रुंद व्याख्या केली की निरपराध माणूसही जाळ्यात येतो. म्हणून कलम ४५(ड) आहे : स्वतःकडच्या किंवा दुसऱ्या कुणाकडच्या जोडीच्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसताना, शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग बाळगले तर अधिनियम लागू होत नाही. विमानतळावर बॅगेत विसरलेलं एखादं काडतूस सापडून गुन्हे नोंदवले जातात. ते रद्द करून घेताना आम्ही हे कलम मांडतो, आणि जाणीवपूर्वक ताबा असल्याशिवाय गुन्हा नाही हे सर्वोच्च न्यायालयाचं गुणवंतलाल खटल्यातलं १९७२ चं सूत्रही. पण खटला रद्द होईपर्यंत त्या माणसाची नोकरी, पासपोर्ट, झोप सगळं टांगणीला लागलेलं असतं.

---

कणकवलीकर

पक्षकार साहेब, कायदा कागदावर चांगला आहे हो. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, आजोबांच्या वेळच्या. वानर आणि डुक्कर भात ठेवत नाहीत. बार काढला की कळप पळतो, तेवढ्यापुरती ती बंदूक. तिला ना मॅगझिन, ना सायलेन्सर, ना दुर्बीण. प्रत्येक बाराला दारू भरा, छर्रे घाला, गजाने ठासा. तरी निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा, आणि नेमकी पिकाच्या दिवसांत आली की शेत उघडं. परवान्याच्या नूतनीकरणाला तालुक्याला आणि जिल्ह्याला हेलपाटे. ज्याच्याकडून काही धोका नाही त्याच्यावर कायद्याचा सगळा भार, आणि गावठी कट्टे विकणारे मोकळे. जोडसामानाचे नियम करताना हेही कुणीतरी बोलायला हवं.

---

नेम_कोल्हापूर

कणकवलीकर काकांना अनुमोदन.

मी रायफल नेमबाजी करते, राज्य पातळीपर्यंत. आमच्या कोल्हापूरला या खेळाचं किती वेड आहे ते सांगायला नको. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं तेव्हा आमच्या रेंजवर पेढे वाटले होते.

इथे अजून कुणी न लिहिलेला मुद्दा असा की खेळातही जोडसामानावर फार काटेकोर नियम आहेत, आणि ते परिणाम बघूनच केलेले आहेत. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत जॅकेटचं कापड एका पदराला २.५ मिलिमीटरहून जाड चालत नाही, कारण जाड, ताठ जॅकेट शरीराला फळीसारखं धरून ठेवतं. दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा, पंचवीस मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा. स्पर्धेआधी चापाला वजन लटकवून तपासतात. ५० मीटर रायफलीला भिंगाची दुर्बीण चालत नाही. नवीन काही वस्तू आली आणि तिने कौशल्याशिवाय गुण वाढायला लागले, की पुढच्या नियमपुस्तिकेत ती बंद. तारीख आधी जाहीर होते, सगळ्यांना वेळ मिळतो, सामान बदलून घेता येतं. नदीकाठ दादा जे म्हणतात, परिणाम बघा आणि उघडपणे करा, ते आम्ही दर स्पर्धेत पाळतो.

---

अनुस्वार

एक शंका. बंदूक न धरता नुसतं मॅगझिन किंवा बंप स्टॉक घेतला तर शस्त्र बाळगायचा हक्क देणाऱ्या अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचं संरक्षण त्यांना मिळतं का? ते तर 'शस्त्रां'ना आहे ना?

---

नदीकाठ

अनुस्वार, अमेरिकेतले सध्याचे मोठे खटले याच प्रश्नावर चालू आहेत.

कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आहे. २० मार्च २०२५ ला नवव्या सर्किटच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या, मोठ्या पीठाने ७ विरुद्ध ४ मतांनी ती टिकवली. बहुमताचं म्हणणं असं : मॅगझिन लागतं हे खरं, पण मोठंच लागतं असं नाही. बंदूक लहान मॅगझिनवरही चालते, म्हणून मोठं मॅगझिन शस्त्रही नाही आणि शस्त्र चालवायला आवश्यक असा भागही नाही. विरोधातल्या एका न्यायाधीशांनी तर स्वतःच्या दालनात पिस्तुलं हाताळतानाचं चित्रीकरण निकालाला जोडलं, हे दाखवायला की कोणताही भाग बदलून बसवता येतो, मग जोडसामान आणि शस्त्र यांच्यात रेघ कुठे ओढणार? ते चित्रीकरण जरूर बघा. मत न पटलं तरी प्रश्न खरा आहे. चाप बदलता येतो, नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो. सगळंच जोडसामान म्हटलं तर संरक्षण कशालाच उरत नाही, आणि सगळंच शस्त्र म्हटलं तर नियम कशावरच करता येत नाही.

खातं दरवेळी हरतं असंही नाही. क्रमांक नसलेल्या, घरी जुळवायच्या बंदुकांच्या संचांवर एटीएफने २०२२ मध्ये नियम केला होता. २६ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो ७ विरुद्ध २ मतांनी मान्य केला, निकाल न्या. गॉर्सच यांनी लिहिला. फरक इतकाच की १९६८ च्या कायद्यातच 'सहज बंदूक बनवता येईल असं' शस्त्र आणि त्याचा सांगाडा हे दोन्ही आधीपासून लिहिलेले होते. संसदेने शब्द दिले होते, म्हणून नियम टिकला. पक्षकार यांनी भारताच्या अधिसूचनेबद्दल सांगितलं तेही याच्याशी जुळतं.

सध्या मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बोटाच्या पेराएवढ्या एका तुकड्याची. पिस्तुलाच्या मागे बसणारा, पिस्तूल पूर्ण स्वयंचलित करणारा, ज्याला इथे 'स्विच' म्हणतात. तो १९३४ च्या व्याख्येत सरळ बसतो, बाळगणं गुन्हा आहे, याबद्दल कुणाचं दुमत नाही. तरी तो थ्रीडी प्रिंटरवर बनतो आणि रस्त्यावर येतो. एप्रिल २०२२ मध्ये सॅक्रामेंटोत सहा जण गेले तेव्हा घटनास्थळी मिळालेलं एक पिस्तूल असंच बदललेलं होतं. म्हणून कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असा कायदा केला की ज्या पिस्तुलाला हा तुकडा साध्या अवजारांनी बसतो, ते पिस्तूलच १ जुलै २०२६ पासून दुकानदाराने विकू नये. जोडसामान आवरता येत नाही म्हणून मूळ वस्तूची रचना बदलायला भाग पाडायचं. यावर खटला भरला गेला आहे, पण कायदा निदान विधानसभेने केलेला आहे.

---

सईची_आई

स्विचबद्दल माहीत नव्हतं. वाचून पोटात गोळा आला. माझं मूळ मत कायम आहे, पण आमच्या राज्याच्या सिनेटरला पत्र लिहायला बसले आहे. बंप स्टॉकसाठी वेगळं एक पानी विधेयक मागते, नदीकाठ यांनी लिहिलं तसं. मजकूर तयार झाला की इथे टाकते, पक्षकार आणि नदीकाठ यांनी नजर टाकावी.

---

मुसाफिर

विषयाला धरून एक प्रश्न. मे महिन्यात डॅलसहून नाशिकला जातोय. मावसभावाकडे साधी एअर रायफल आहे, त्याने तिच्यासाठी छोटा सायलेन्सर आणायला सांगितलाय, इथे ऑनलाइन सहज मिळतो. बॅगेत टाकला तर चालेल का? एअर रायफल म्हणजे काही बंदूक नव्हे ना?

---

पक्षकार

मुसाफिर, अजिबात आणू नका. व्याख्येत स्फोटकाबरोबर 'इतर प्रकारची ऊर्जा' असेही शब्द आहेत, त्यात हवेचा दाबही येतो. ठरावीक क्षमतेपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही ही त्या एअरगनपुरती सवलत आहे, ती सायलेन्सरला आपोआप मिळते असं धरून चालू नका. त्यात तुम्ही तो देशाबाहेरून आणणार, म्हणजे कलम १० चा आयातीचा प्रश्नही आला. कस्टमच्या माणसाला तो एअर रायफलचा आहे की पिस्तुलाचा हे बघून कळणार नाही, आणि तिथे समजावत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

---

रानवाट

आणि मुसाफिर, इकडे कधी रेंजवर गेला असाल तर ती बॅग प्रवासाला नेऊ नका. कप्प्यात एखादं काडतूस राहतंच. नवी बॅग घ्या, किंवा जुनी पूर्ण उलटी करून, अस्तराच्या आत हात घालून तपासा.

---

नेम_कोल्हापूर

मावसभावाला सांगा, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होत असेल तर पेलेट ट्रॅपच्या (छर्रे अडवायच्या पेटीच्या) मागे जाड रबराची चादर लावायची. बहुतेक आवाज नळीचा नसतो, लोखंडी पत्र्यावर छर्रा आपटल्याचा असतो. नाशिकला रेंज आहेत, तिथे कुणीही दाखवेल.